शिकवणीचे पेशंट

या, अशा आत या. उंबऱ्यापाशी अवघडून काय बसलात, मी काही इंजेक्शन देणार नाही तुम्हाला. सरका जवळ. आणि चहाच्या आधी दोन बोलणी खाऊन घ्या. परवा तुम्ही दवाखान्यातून येत होतात. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? तर म्हणालात, गोळ्या दिल्यात. अहो, गोळ्या दिल्यात ते दिसतंय मला, पिशवी हातातच होती. झालंय काय, ते विचारलं मी. तर म्हणे, ते काही बोलले नाहीत, गर्दी होती. आणि तुम्ही शिकली-सवरलेली माणसं! भाजीवालीला मेथीच्या जुडीचा जाब विचारता, आणि स्वतःच्या पोटाचा विचारत नाही.

आमच्या पुढच्या खोलीत जे डॉक्टर होते ना, त्यांच्याकडून असा कुणी मुक्यानं बाहेर पडला नाही. त्यांचं एकच म्हणणं असायचं. "मला सांगू नको. त्यांना सांग." एवढं बोलायचं, स्वतःचा तळहात स्वतःच्या तोंडावर दाबायचा आणि भिंतीकडं बघत बसायचं. पुढ्यात शिकाऊ पोरगा घामानं ओला, त्याच्या पुढ्यात पेशंट आ वासून, आणि हे आपले तोंडावर हात ठेवून भिंतीवरची पाल बघतायत.

नाव सांगत नाही मी. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना नाही त्यांना नाव कळून तरी काय उपयोग?

जुन्नरच्या बाजारातल्या बोळात आमचं घर. यजमान गेले, तेव्हा त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान बंद झालं आणि पुढची खोली मी डॉक्टरांना दिली. सडपातळ माणूस. शर्ट नेहमी एका बाजूनं बाहेर. बायको मात्र करकरीत स्वच्छ, शिस्तीची. तिला सगळा बोळ डॉक्टरीणबाई म्हणायचा. सकाळच्या एस्टीनं मढकडची माणसं उतरायची, बाजारच्या दिवशी तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. कुणी फी द्यायचं, कुणी हिरडा आणायचं, कुणी नाचणी, कुणी काकडी आणि आशीर्वाद. चाललं होतं बरं.

मग एक दिवस बोळाच्या तोंडाशी मोटार थांबली. आत यायला तिला जागा नव्हती, म्हणून साहेब लोक गटार ओलांडत चालत आले. पुण्याकडच्या एका डॉक्टरकीच्या कॉलेजातले होते. त्यांचं म्हणणं असं की, मोठ्या हॉस्पिटलात पोरं नुसती खाटेवर झोपलेली माणसं बघतात. चालत येणारा पेशंट कसा असतो, तो बाकड्यावर बसून काय बोलतो, हे त्यांना कळत नाही. तेव्हा पोरांनी थोडे थोडे दिवस तुमच्यासारख्या जुन्या डॉक्टरांकडं ओपीडीत बसावं.

डॉक्टरांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, यांना मुलगा झाला. एवढंच विचारलं त्यांनी, "पैशाचं कसं?"

त्यातले टाय घातलेले साहेब म्हणाले, "डॉक्टर, विद्यादानासारखं समाधान नाही!"

तुमच्या लक्षात येतंय ना? ज्याला द्यायचं नसतं, तो आधी समाधान काढतो खिशातून. तेवढ्यावर थांबले नाहीत, शाल आणि नारळ दिला. पुढच्या आठवड्यात बोर्ड आला, 'बाह्यरुग्ण प्रशिक्षण केंद्र'. तो ठोकायला खिळे माझे, हातोडी कल्हईवाल्या रशीदभाईंची, आणि शिडी समोरच्या किराणावाल्याची. कॉलेजची फक्त अक्षरं.

पोरं यायला लागली. गोरीगोमटी, इस्त्रीची, गळ्यात नळी. पहिला आला तो रशीदभाईंच्या वाट्याला गेला. रशीदभाईंच्या पोटात जळजळ. पोरानं पोट दाबलं, जीभ बघितली, आणि वळून डॉक्टरांना इंग्रजीत धडाधडा सांगायला लागला.

"मला सांगू नको. त्यांना सांग." हात तोंडावर.

पोरगा रशीदभाईंकडं वळला. "काका, तुम्हाला ॲसिडिटी आहे. तिखट बंद. वेळेवर जेवायचं. धुरात काम करायचं नाही. टेन्शन घ्यायचं नाही."

आता पुढची पद्धत अशी होती की, पोरानं सांगितलेलं पेशंटनं परत सांगून दाखवायचं, घरी बायकोला सांगावं तसं. पेशंटला जमलं तर पोरगा पास.

रशीदभाईंनी टोपी सारखी केली. "म्हणजे असं बघा. मी कल्हईची भट्टी बंद करायची, कारण धूर येतो. भट्टी बंद केली की घरात पैसा येणार नाही. पैसा नाही आला की टेन्शन येणार. ते मी घ्यायचं नाही. मग कोणी घ्यायचं? बायकोनं?"

सगळं बाकडं हसलं. पोरगा लाल झाला. डॉक्टर भिंतीकडं बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मग पोरगा स्टूल ओढून बसला आणि विचारायला लागला की भट्टी कधी पेटवता, जेवता कधी, डबा कोण आणतं. पहिल्यांदा बसून विचारलं त्यानं. अर्ध्या तासानं असं ठरलं की, भट्टी पेटवायच्या आधी भाकरी खायची, उपाशीपोटी चहावर चहा मारायचा नाही. रशीदभाई म्हणाले, "हां, हे सांगता येईल घरी. पास!"

अहो, मग काय विचारता! परीक्षा घ्यायची चटकच लागली आमच्या लोकांना. ज्यांना आयुष्यभर मास्तरांनी नापास केलं, ती माणसं ओट्यावर बसून डॉक्टरांना नापास करायला लागली. एक काकडीवाला तर बरा झाला तरी यायचा. म्हणायचा, "नवं पोरगं आलंय म्हणं, बघावं कितपत हाय."

पण मढच्या ठमाबाई होत्या, त्यांच्या तोंडाला कुणी लागत नसे. दमेकरी बाई, पण भांडताना दम लागायचा नाही. एक दिवस एका पोरानं त्यांची छाती पुढून ऐकली, मागून ऐकली, परत पुढून ऐकली. फी द्यायची वेळ आली, तशा ठमाबाईंनी कनवटीवरचा हात काढून घेतला.

"डाक्टर, एक विचारते. आमच्या गावात न्हाव्याचा पोरगा धंदा शिकत व्हता. त्याच्या म्होरं डोकं दिलं तर त्यो पैसं घेत नव्हता. उलट त्याचा बाप च्या पाजायचा. का? तर कानाला लागलं तर आपल्या लागनार. बराबर?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

"मंग ह्यो माझ्या छातीवं शिकतोय. शिकून ह्यो मोठा व्हनार, बंगला बांधनार. आन पैसं मी द्यायाचं?"

आत डॉक्टरीणबाई पुड्या बांधत होत्या, त्यांचा हात थांबला. डॉक्टरांनी कपाळ चोळलं. पोरगा जमिनीकडं बघायला लागला. खरं सांगायचं तर त्या बोर्डाखाली, त्या शालीखाली झाकलेली गोष्ट त्या बाईनं उघडी करून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, "ठमाबाई, तुमचं खरं आहे. जो पेशंट शिकू देईल, त्याची फी घ्यायची नाही."

झालं! ओटाभर सगळे शिकवणीचे पेशंट. फी देणारा पेशंट शोधायला दिवा लावायला लागला असता. एरवी जे "शिकाऊला हात लावू देनार न्हाई" म्हणायचे, ते सदरा वर करूनच आत यायचे. वेळही लागायचा. एकेका पेशंटचं सांगणं, परत सांगणं, नापास होणं, पुन्हा सांगणं. पूर्वी जेवढी माणसं जेवणाच्या वेळेपर्यंत उरकायची, त्यांना आता चार वाजायचे. घाई असलेली चांगली देती-घेती गिऱ्हाइकं दुसऱ्या दवाखान्यात जायला लागली. कंपाउंडर नारायणगावला नोकरी धरून निघून गेला. त्याचं काम डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात आलं.

"शिकवणी तुमची, राबणं माझं," त्या एकदा भर दवाखान्यात म्हणाल्या. चुकीचं काय त्यात? विद्यादानाचं समाधान ह्यांना, आणि औषधाच्या बाटल्या विसळायच्या त्यांनी.

डॉक्टर कॉलेजात जाऊन आले. एकदा गेले, शाल घेऊन आले. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा शाल. मला म्हणाले, "मावशी, मानधनाचा विचार चालू आहे म्हणाले." मी म्हटलं, "विचार चालू द्या, पण थंडी पडायच्या आत काही द्या म्हणावं; नाहीतर या शाली तरी उबदार द्या, ह्या नुसत्या जरीच्या आहेत." डॉक्टरीणबाईंनी त्या शाली एकाला एक शिवल्या आणि तपासायच्या खाटेला पडदा केला. आमच्या बाया त्या जरीच्या पडद्यामागं गळवं दाखवायच्या. कॉलेजचा एवढा सत्कार तालुक्यात कुणी केला नसेल.

तुम्ही म्हणाल, पोरं तरी फी भरत होती की नाही? भरत होती की! त्यांचे आईबाप जमिनी विकून भरत होते. मग तो पैसा जायचा कुठं? आता बघा, धरण आमच्या मढच्या अंगाला. उन्हाळ्यात तिथल्याच बाया हंडा घेऊन डोंगर चढतात, आणि पाणी कालव्यानं कुठल्या कुठं जातं. डोळ्यांदेखत जातं. तसंच हे. शिकवणारा इथं, ज्याच्यावर शिकायचं तो इथं, आणि पैशाचा कालवा वरच्या वर.

अशी काही वर्षं गेली, तेव्हा शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं. दिवाळीपर्यंत कॉलेजनं काही दिलं तर ठीक, नाहीतर पोरं बंद. डॉक्टर हो म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांचा चेहरा असा झाला, जसा शाळा सुटणार म्हणून पोराचा नाही, शाळा बंद होणार म्हणून मास्तरचा होतो. ते पोरांना शिकवताना मी बघितलंय ना. एखाद्या पोरानं नीट समजावलं, आणि ठमाबाईंसारखीनं "पास" म्हटलं, की ह्यांचा हात तोंडावरून हळूच खाली यायचा आणि मागं हसू असायचं. तेवढ्यासाठी जगत होता तो माणूस.

आणि नेमकं दिवाळीच्या तोंडावर ते बागायतदार आले.

पारगावच्या बाजूचे, उसातलं बडं प्रस्थ. पांढरेशुभ्र कपडे, मागं ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या खांद्यावर द्राक्षांची पेटी. आता दिवाळीला द्राक्षं कुठून आणली देव जाणे, पण मोठ्यांची द्राक्षं वेळ बघून पिकत नाहीत. मी डॉक्टरांना चहा द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"डॉक्टर, आमचं पोरगं तुमच्याकडं लावलंय कॉलेजनं."

"हो. अजून आला नाही तो."

"येनार बी न्हाई. पुण्यात क्लासला हाय त्यो, पुढच्या परीक्षेच्या. हितं खोकला-पडसं बघत बसला तर वरीस वाया जाईल. तुमी फकस्त सही करा, आला व्हता म्हनून. कॉलेजात मी बोललोय. तुमचं मानधन अडकलंय, ते सुटंल. माझ्याकडनं काय आसंल ते येगळं."

आतल्या दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात विसळलेली बाटली, पाणी पदरावर गळतंय, त्यांना भान नाही. डॉक्टर म्हणाले, "आणि सही नाही केली तर?"

"तर काय, कॉलेजला दुसरं केंद्र बघावं लागंल. तसं ते बोललेत." असं अगदी गोड बोलले हो, जणू उसाचा रसच.

बघा आता तुम्हीच. इतकी वर्षं शिकवायला पैसे द्या म्हणून हा माणूस दार ठोठावत होता, तेव्हा कुणाकडं नव्हते. न शिकवायला द्यायला मात्र सगळे पेटी घेऊन दारात.

डॉक्टरांनी डॉक्टरीणबाईंकडं बघितलं. मग म्हणाले, "करतो सही." डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. "पण आमच्याकडं पद्धत आहे. मला सांगायचं नाही. त्यांना सांगायचं." आणि बाकड्याकडं बोट दाखवून हात तोंडावर.

बाकड्यावर ठमाबाई, रशीदभाई, आणि हाताला कोयता लागलेला एक ऊसतोड्या. बागायतदारांना वाटलं असेल, चार माणसं, दोन शब्द बोलू. सवय होती भाषणाची. घसा साफ केला.

"तर मंडळी, ग्रामीण भागाची आरोग्यसेवा..."

"पावणं," ठमाबाई म्हणाल्या, "पोरगं कुठाय ते सांगा."

"पुण्याला हाय आजी. मोठ्या परीक्षेचा अभ्यास करतोय."

"हितं आलं व्हतं का?"

"आलं नव्हतं, पन तसं कागदावर..."

"थांबा, मी परत सांगते, बराबर हाय का बघा. तुमचं पोरगं हितं आलं न्हाई. आमच्या डाक्टरनं ल्ह्यायचं, आलं व्हतं. मंग त्ये डाक्टर व्हनार. मंग म्या खोकत त्याच्याकडं जायाचं. आसंच ना?"

"तसं नाय ओ आजी..."

"मंग कसं? परत सांगा."

परत सांगितलं त्यांनी. दुसऱ्यांदा सांगताना तेच वाक्य बिनकपड्याचं दिसायला लागलं. ऊसतोड्या जखमी हात दुसऱ्या हातात धरून त्यांच्याकडं एकटक बघत होता. त्याच्या तालुक्यात अशांपुढं बोलायची रीत नसेल. रशीदभाईंनी अदबीनं विचारलं, "साहेब, तुमच्या घरात कोणी आजारी पडलं, तर याच मुलाला दाखवणार ना?"

"आता कसं दाखवनार? त्यो अजून शिकतोय."

"कुठं?" रशीदभाई म्हणाले.

बागायतदार उठले. डॉक्टरांनी तोंडावरचा हात काढला आणि म्हणाले, "नापास झालात साहेब. परत या कधी, तयारी करून. मुलालाही आणा, त्याच्यावर माझा राग नाही." ते गेले. द्राक्षांची पेटी तिथंच राहिली होती. आम्ही तिच्याकडं बघतोय तोवर ड्रायव्हर परत आला, "सायेबांनी सांगितलंय," म्हणाला आणि पेटी उचलून घेऊन गेला.

हसलो आम्ही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. बाटली फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "टाळ्या वाजवणारे जातील आपापल्या घरी. उद्या औषधवाल्याला मी काय सांगू, तेही शिकवा मला." आपण चांगल्या माणसाच्या गोष्टी सांगतो ना, तेव्हा त्याच्या बायकोला दारात उभीच ठेवतो.

कॉलेजचं काम एरवी किती सावकाश! पण बोर्ड काढून न्यायला जीप चार दिवसांत आली. नवं केंद्र हायवेला एका काचेच्या दाराच्या हॉस्पिटलात झालं. तिथं म्हणे पोरांना यावंच लागत नव्हतं, सह्या एकदम होत होत्या, आणि मानधनही वेळेवर होतं. समाधानाचं मात्र काही ऐकलं नाही.

मग आमचा दवाखाना लवकर सुटायला लागला. फी परत चालू झाली, औषधवाला गप्प झाला, डॉक्टरीणबाईंचे हात जरा मोकळे झाले. सगळं सुरळीत. आणि डॉक्टर वाळत चालले. पेशंट तपासून झाला की सवयीनं त्यांचा हात तोंडावर जायचा आणि ते थांबायचे. बोलायला कुणी नाही. बाकडं गप्प. मग स्वतःच हात काढून स्वतःच सांगायचे. ठमाबाई मला ओट्यावर म्हणाल्या, "आता बिनचूक सांगत्यात, पर नापास कुनाला करायचं?" फीचे पैसे मात्र त्या देत होत्या. न मागता.

चार-पाच वर्षं चालवला त्यांनी तसाच. एका दुपारी दवाखाना बंद करून जेवायला बसले आणि बसल्या जागी गेले. स्वयंपाकघरातून भाजी आणेपर्यंत. डॉक्टरीणबाई लेकीकडं नाशिकला राहतात आता; फोन करतात, पण इकडं येत नाहीत. दहाव्याला जुनी शिकाऊ पोरं आली होती. सगळी नाही, थोडी. एकजण नगरकडून आला होता, पोट सुटलेलं, केस गेलेले, ओट्यावर बसून रडत होता. म्हणाला, "मावशी, मी इथं सारखा नापास व्हायचो." मी म्हटलं, "आता?" तर म्हणाला, "आता कुणी परीक्षाच घेत नाही."

ती खोली रिकामी आहे अजून. मोबाइलवाला मागतोय, साडीवाला मागतोय. भाडं चांगलं देतायत, मी नाही म्हणते. लेक म्हणतो, आई, वेडी झालीस. असेन. पण माझं म्हणणं एवढंच आहे, आणि म्हणून तर तुम्हाला एवढं जवळ बसवलं. तुमच्या घरात, भावकीत, शेजारात कुणाचं ना कुणाचं पोर डॉक्टरकी शिकत असेल. त्याला घेऊन या. खोलीचं भाडं नको मला. माझे दोन्ही गुडघे गेलेत, साखर वाढलीय, डाव्या डोळ्यानं सारवल्यासारखं धुरकट दिसतं आणि छातीत मधूनच पाखरू फडफडतं, ते काय आहे हे मला हायवेच्या हॉस्पिटलात अजून कुणी सांगितलेलं नाही. एका म्हातारीत एवढं सगळं शिकायला मिळतंय, तेही फुकट, आणि वर चहा. पोराला म्हणावं, परीक्षा झाल्यावर बघू, सुट्टी लागल्यावर बघू, असं करू नकोस. पुस्तक थांबतं कपाटात. मी किती थांबेन, सांगता येत नाही. तेव्हा लवकर या बरं का.